लाईट गेली, गेले की गेला?

एका वाचक भगिनींचा प्रश्न असा: "माझं माहेर पुण्याचं. आम्ही 'लाईट गेले' म्हणतो. संगमनेरजवळच्या सासरी सासूबाईंपासून शाळकरी पुतण्यापर्यंत सगळे 'लाईट गेली' म्हणतात आणि मला हसतात. बरोबर काय? आणि लाईट म्हणजे दिवा असेल तर भर दुपारी पंखा थांबल्यावरही 'लाईट गेली' कसं? शुद्ध मराठीत 'वीज गेली'च म्हणायला नको का?"

हसण्यासारखं काही नाही, हे आधी सासरी सांगा. दोन्ही रूपं व्याकरणात चोख बसतात. फक्त दोन्हींतला 'लाईट' एकच नाही.

माहेरचं 'लाईट गेले' हे पुल्लिंगी अनेकवचन आहे. 'एक खांब पडला, चार खांब पडले' यात खांब बदलत नाही, क्रियापद बदलतं. तसंच 'एक लाईट गेला, सगळे लाईट गेले'. म्हणजे इथे लाईट मोजता येतात आणि लाईट म्हणजे दिवा. मुंबई-पुण्याकडची जुनी माणसं सरळ 'दिवे गेले', 'दिवे आले' म्हणायची, अजूनही म्हणतात. त्याच वाक्यातला 'दिवे' काढून 'लाईट' घातला की तुमच्या माहेरचं वाक्य तयार. एकवचनी 'लाईट गेला' हे मोटारसायकलवाल्यांकडे ऐकावं: पुढचा लाईट गेलाय, बदलून घे.

सासरची 'लाईट' स्त्रीलिंगी आहे आणि मोजायची नाही. ती एकच असते, येते आणि जाते. परका शब्द घरात घेताना मराठी त्याला बहुधा एखाद्या ओळखीच्या शब्दाचं लिंग देते. गाडी स्त्रीलिंगी, म्हणून बस, कार, ट्रेन या सगळ्या 'त्या'. त्या न्यायाने लाईटला 'वीज'चं स्त्रीलिंग मिळालं, असं सांगतात, आणि मला ते पटतं. पण हा शब्द मराठीत मुरलाय याचा खरा पुरावा सामान्यरूपात, म्हणजे प्रत्यय लागताना शब्द जे रूप घेतो त्यात, आहे. 'लाइटीचा खांब', 'लाइटीचं बिल', 'लाइटीला काय झालं?' भिंत-भिंतीचा, विहीर-विहिरीचा, तशी लाईट-लाइटीचा. सामान्यरूप होणं म्हणजे शब्दाला घरचं रेशनकार्ड मिळणं. शहरी बोलण्यात आपण 'लाइटचं बिल' म्हणतो, शब्दाला हात न लावता. गावाकडच्या बोलीने त्याला सरळ मराठी विभक्ती चढवली. लग्नाच्या मांडवात 'लाइटी लावल्या' हे अनेकवचनही तिथलंच. तिथे मात्र त्या पुन्हा मोजता येतात.

(जाता जाता लेखनाचं. अकारान्त शब्दाच्या उपान्त्य, म्हणजे शेवटून दुसऱ्या, अक्षरातला इकार मराठीत दीर्घ, म्हणून 'लाईट'. सामान्यरूपात तो ऱ्हस्व, म्हणून 'लाइटीचा'. 'गरीब-गरिबाचा'सारखंच. इंग्रजी उच्चाराकडे बघून 'लाइट' लिहिणाऱ्यांशी मी भांडत नाही.)

आता भर दुपारच्या पंख्याकडे. आपल्याकडे घरात वीज आली ती दिव्याच्या रूपाने. मुंबईच्या रस्त्यांवर १८६५ मध्ये गॅसचे दिवे लागले होते. पुढे १९०५ मध्ये 'बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी' आली आणि १९०७ मध्ये विजेची ट्राम धावली. १९१५ मध्ये खोपोलीचं टाटांचं जलविद्युत केंद्र सुरू झालं, ते मुख्यतः कापडगिरण्यांसाठी. म्हणजे शहरात विजेचं अवजड काम गिरणीत आणि रुळांवर चालायचं, घरात मात्र ती दिव्यापुरती आणि फार तर पंख्यापुरती. दरही त्याच हिशेबाने वेगळे असायचे, दिवे-पंख्यांचा एक आणि 'पॉवर'चा दुसरा. काही घरांत त्यासाठी दोन मीटरही असत. त्या वाटणीची एक खूण अजून भिंतीवर आहे. गीझर किंवा इस्त्रीसाठी जाड पिनांचा जो मोठा प्लग लागतो, त्याला इलेक्ट्रिशियन आजही 'पॉवरचा पॉइंट' म्हणतो. उरलेले सगळे 'लाईटचे पॉइंट', मग तिथे मोबाइल चार्ज करा नाहीतर मिक्सर फिरवा.

फ्रिज, टीव्ही, पंप घरात आले तेव्हा शब्द आधीच पक्का होऊन बसला होता. जी वस्तू आधी दिसली तिचं नाव सगळ्या पुरवठ्याला लागलं. यात विजेचं काही खास नाही. पाण्याच्या बाबतीत आपण हेच केलंय: 'नळ गेले', 'आज नळ उशिरा येणार आहेत'. नळ भिंतीतून हलत नाही. येतं-जातं ते पाणी, पण कुणी अडून बसत नाही.

अर्थाची खरी झेप मात्र शेतात झाली. तुमच्या सासरी शेती असेल तर रात्री नऊ-साडेनऊला बल्बच्या उजेडात जेवता जेवता कुणीतरी विचारताना ऐकलं असेल: "आज लाईट किती वाजता आहे?" डोक्यावर बल्ब जळतोय आणि माणूस लाईटची वेळ विचारतोय! शहरातल्या माणसाला हे कोडं वाटेल. विहिरीवरची किंवा बोअरवरची मोटर साधारण थ्री फेजवर, म्हणजे विजेच्या तीन तारांवर चालते, घरातले दिवे एका फेजवर. दोन्ही एकाच वाहिनीवर असताना पंप आवरायचे म्हणून रात्री गावांना सिंगल फेजच ठेवायचे. त्यावरही मोटर चालवायला लोकांनी कंडेन्सर जोडून पाहिले, हा भाग वेगळा. २००० नंतरच्या दशकात पुष्कळ ठिकाणी गावठाणाचा फीडर, म्हणजे वीज आणणारी वाहिनी, वेगळा आणि शेतीचा वेगळा झाला. शेतीला थ्री फेज मिळते ती ठरावीक तासांची आणि पाळीपाळीने, काही दिवस दिवसा तर काही दिवस रात्री. तेव्हा शेतकऱ्याच्या तोंडी 'लाईट' म्हणजे थ्री फेज, आणि थ्री फेज म्हणजे उसाला पाणी. उजेडाचा आणि या लाईटचा काही संबंध राहिलेला नाही, उलट ती बऱ्याचदा अंधारातच येते. 'लाईट रात्रीची आहे' या वाक्यात बॅटरी, काठी, गमबूट, साप आणि जुन्नर-संगमनेरच्या पट्ट्यात बिबट्या, एवढं सगळं येतं. म्हणूनच 'दिवसा लाईट द्या' ही मागणी मोर्च्यांतून होत राहते. २०१७ पासूनची मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सांगितली जाते तीही 'दिवसा वीज' याच शब्दांत. दिवसा लाईट! मूळ अर्थ धरून बसलो तर ही मागणी विनोदी ठरेल. कुणाला तसं वाटत नाही यातच शब्द किती दूर आला ते कळतं.

या लाइटीभोवती आणखी शब्द जमले. लाईट आली की मोटर आपोआप सुरू करणारा 'ऑटो', घरबसल्या फोन लावून मोटर चालू करायचा 'मोबाईल स्टार्टर'. ऑटोने रात्रीची पायपीट वाचली, पण लाईट येताच पंचवीस मोटरी एकदम सुरू होतात आणि डीपी उडते. म्हणून 'ऑटो काढा, कॅपॅसिटर बसवा' असं महावितरण विनवत असतं.

डीपी हा शब्दही बघा. दोन खांबांच्या सांगाड्याला वीज खात्यात डबल पोल म्हणतात, रोहित्र त्यावर बसवलेलं असतं. गावात मात्र डीपी म्हणजे ते रोहित्रच. आता 'रोहित्र' म्हणजे काय, असं तुम्ही विचाराल, अगदी बरोबर. तो ट्रान्सफॉर्मरसाठी घडवलेला मराठी शब्द, वर्तमानपत्रात रोज येतो, आणि डीपी जळाल्यावर वर्गणी काढून ती आणायला ट्रॅक्टर जुंपणाऱ्यांपैकी कुणाच्याही तोंडी मी तो ऐकलेला नाही. 'भारनियमन'चं नशीब जरा बरं. २००५ च्या आसपास खेड्यापाड्यांत रोज कित्येक तास अंधार असायचा तेव्हा तो शब्द थोडाफार रुळला, पण 'लोडशेडिंग'ला हरवू शकला नाही. लोकांनी स्वतः केलेला शब्द एकच, आणि तो सगळ्यांत झकास: 'आकडा टाकणे'. उघड्या तारेवर वायरीचं वाकवलेलं टोक अडकवायचं की झालं. त्यावरून वर्तमानपत्रांनी 'आकडेबहाद्दर' केला. तारा जाऊन जाड केबल आली की तक्रार ऐकू येते, "आता आकडा बसत नाही."

तुमच्या प्रश्नात नसलेली पण मला महत्त्वाची वाटणारी गोष्ट क्रियापदाची आहे. लाईट आपण 'लावतो' आणि 'बंद करतो'. कोकण-मुंबईकडच्या काही घरांत 'घालवतो' असंही म्हणतात. दिवा 'विझवणे' अशुभ म्हणून तो 'मालवायचा', हा संकेत बटणापाशी येऊन संपला. पण जे आपल्या हातात नाही ते 'जातं' आणि 'येतं'. लाईट, नळ, आणि आता रेंज, नेट, वायफाय. 'लाईट बंद झाली' आणि 'लाईट गेली' यांत आपण कधी घोटाळा करत नाही. गेली म्हटलं की कुणीतरी दुसऱ्याने नेली. म्हणून पहिला प्रश्न ठरलेला: "आपलीच गेली की सगळ्यांची?" मग कुणीतरी गॅलरीत जाऊन समोरच्या बिल्डिंगीकडे बघायचं. सगळ्यांची गेली असेल तर जीव भांड्यात पडतो, आपलीच असेल तर फ्यूज, हल्ली एमसीबी. मुंबईकरांना हा प्रश्न क्वचितच पडतो, पण १२ ऑक्टोबर २०२० च्या सकाळी ग्रिडमध्ये बिघाड होऊन लोकल जागच्या जागी थांबल्या तेव्हा उत्तर 'सगळ्यांची' असं आलं.

सगळा महाराष्ट्र लाईटच म्हणतो असंही नाही. विदर्भात 'लाईन गेली', 'लाईन आली का?' असं सर्रास ऐकाल. तिथे नाव दिव्यावरून न पडता तारेवरून पडलं. हिंदीच्या शेजाराने 'बत्ती'ही आहे. शेजारचे कानडी आणि तेलुगू लोक 'करंट' म्हणतात. मराठीत करंट 'लागतो' किंवा 'मारतो', येत-जात नाही.

राहिला 'वीज गेली'चा मुद्दा. शब्द चांगला, जुना, विद्युत् वरून आलेला, आणि 'वीजबिल', 'वीजमीटर', 'वीजचोरी' या जोडशब्दांत उत्तम चालतो. बातमीत 'वीज गेली' लिहिलं तरी काही बिघडत नाही. पण घरात तो का रुळला नाही याचं माझं उत्तर असं की मराठीत वीज ही मुळात आभाळातली. ती चमकते, कडाडते, पडते. वळिवाच्या पावसात 'वीज पडली म्हणून वीज गेली' असं म्हणून पाहा, स्वतःलाच अडखळल्यासारखं होईल. 'वीज पडली आणि लाईट गेली' यात दोघींची कामं वेगळी राहतात. सरकारी अर्जात 'वीजपुरवठा खंडित झाला' लिहा, कारण तिथे तेच वाचलं जातं. वायरमनला फोन कराल तेव्हा सासूबाईंसारखं 'लाईट गेलीय' सांगा. माहेरी मात्र 'लाईट गेले' सोडायचं काही कारण नाही.