सोनी ए६००० कॅमेरा वेबकॅम म्हणून वापरायचा आहे, कोणतं कॅप्चर कार्ड घ्यावं?

कार्ड (कॅमेऱ्याचं चित्र यूएसबीने लॅपटॉपला पोचवणारं उपकरण) घेण्याआधी कॅमेरा तपासा. त्याला मायक्रो एचडीएमआय पोर्ट आहे, त्यामुळे मायक्रो ते साधी एचडीएमआय केबल लागेल. मिनीची केबल बसत नाही आणि दुकानात नेमकी तीच हातात ठेवतात. मेनूमध्ये 'एचडीएमआय इन्फो डिस्प्ले' बंद करा, नाहीतर बॅटरीचं चिन्ह आणि फोकसची चौकट मीटिंगमध्ये सगळ्यांना दिसेल. रिझोल्यूशन १०८०पी ठेवा.

आता कार्ड. खोक्यावरच्या '४के'ला भुलू नका. स्वस्त कार्डांवर ते बहुतेक वेळा फक्त इनपुटचं असतं, पुढे लॅपटॉपला १०८०पीच मिळतं. खरा फरक यूएसबीचा. १०८०पी, ३० फ्रेमचं न दाबलेलं (अनकम्प्रेस्ड) चित्र सेकंदाला साधारण १,००० मेगाबिट मागतं, यूएसबी २.० ची कमाल मर्यादाच ४८०. म्हणून यूएसबी २.० ची कार्डं चित्र एमजेपेग या प्रकारात दाबून पाठवतात. ओबीएसमध्ये (रेकॉर्डिंग-स्ट्रीमिंगचं सॉफ्टवेअर) चुकून वायूवाय२ हा न दाबलेला प्रकार निवडलात तर चित्र अडखळतं, तिथे एमजेपेगच निवडा. झूम किंवा मीटसाठी एवढं पुरतं, कारण ते चित्र पुन्हा दाबतातच. रेकॉर्डिंग करणार असाल तर मात्र यूएसबी ३.० चं, यूव्हीसी असलेलं कार्ड घ्या (लॅपटॉप त्याला साध्या वेबकॅमसारखं ओळखतो, वेगळा ड्रायव्हर लागत नाही) आणि ते हबला न लावता थेट लॅपटॉपच्या ३.० पोर्टला लावा.

कार्डाइतकीच गरज डमी बॅटरीची (बॅटरीच्या जागी बसवून कॅमेरा थेट विजेवर चालवणारा अ‍ॅडॅप्टर) आहे. मूळ एनपी-एफडब्ल्यू५० बॅटरी लांबलेल्या मीटिंगला पुरत नाही. माइक वेगळा असेल तर आवाज ओठांच्या आधी पोचतो; ओबीएसमध्ये माइकला १०० मिलिसेकंदांच्या विलंबापासून सुरुवात करून, टाळी वाजवून जुळवा.