वक्त्यांची जबाबदारी पहिल्यांदाच आली आहे?

आपल्या रोटरी क्लबच्या साप्ताहिक सभेचे वक्ते ठरवायचं काम तुमच्याकडे आलं, अभिनंदन! सुरुवातीला मोजक्याच गोष्टी सांभाळा, बाकीचं जमत जातं.

सगळ्यात महत्त्वाची म्हणजे वेळ. आमंत्रण देतानाच "बोलायला २० मिनिटं, प्रश्नांना १०" असं सांगा आणि तेच लेखी पाठवा. नवीन माणूस संकोचापोटी हे टाळतो. मग सूचना, वाढदिवस, अहवाल यांतच अर्धा तास जातो आणि पाहुणे ताटकळतात. माझ्या पहिल्याच सभेत एक परिचारिका रात्रपाळी संपवून आल्या होत्या, हातात नीट लिहून आणलेले कागद. त्यांना जेमतेम सात मिनिटं मिळाली. अजून मनाला लागून राहिलंय. तेव्हापासून मी सूचना भाषणानंतरच घेतो.

बाकी दोन गोष्टी:

- परिचय चार ओळींचा. नावाचा उच्चार आधी त्यांनाच विचारा.
- आदल्या दिवशी फोन कराच. तरी वक्ता आला नाही, तर एखाद्या सभासदाला त्याच्या कामाबद्दल बोलू द्या. यात कमीपणा काहीच नाही. १९०५ साली शिकागोत रोटरी सुरू झाली तेव्हा सभासद आळीपाळीने एकमेकांच्या कार्यालयांत जमत. रोटरी हे नावही त्यावरूनच पडलं.

आणि हो, देणगी मागायला आलेल्या वक्त्याची आधी अध्यक्षांना कल्पना द्या.

मोठी नावं, वर्षभराचं वेळापत्रक हे नंतर बघू. आधी पुढच्या चार सभांचे वक्ते पक्के करा.