भाताचा पिच्छा सोडा, आधी जेवणाची वेळ बघा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. वय ३४, हिंजवडीत नोकरी, परदेशी क्लायंटचे कॉल रात्री साडेनऊपर्यंत, घरी पोचून जेवायला पावणेअकरा, आडवं व्हायला साडेअकरा आणि डोळा लागायला एक. पहाटे घशाशी आंबट, दिवसभर मरगळ, आणि परवाच्या रिपोर्टात एचबीए१सी, म्हणजे रक्तातल्या साखरेची दोन-तीन महिन्यांची सरासरी, ५.९. विचारताय की भात-पोळी बंद करून रात्री नुसता प्रोटीन शेक घेऊ का, आणि रविवारी दुपारी तीन तास झोपतो त्यात आठवड्याची भरपाई होते का.

मी डॉक्टर नाही. भोसरीतल्या एका कारखान्यात २६ वर्षं तीन पाळ्यांत टर्नर होतो आणि ४१व्या वर्षी असाच रिपोर्ट माझ्याही हातात पडला होता. तेव्हा थोडं वाचलेलं, बरंचसं भोगलेलं सांगतो.

५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा. तुम्ही आत गेलेला नाहीत, पण दारात उभे आहात. त्यात तुमच्या ताटाचा दोष मला फारसा दिसत नाही. दोन पोळ्या, भाजी, वाटीभर वरणभात, यात वावगं काय आहे? घोळ आहे तो पावणेअकराचा. रात्र झाली की मेलाटोनिन वाढायला लागतं, शरीर झोपेच्या तयारीला लागतं आणि इन्सुलिन हात आखडतं. त्यामुळे तेच ताट संध्याकाळी सातला खाल्लं तर साखर जेवढी चढते, त्याहून अकराला जास्त चढते आणि उतरायलाही वेळ घेते. तुम्ही शेक प्यालात तरी घड्याळात अकराच वाजलेले असणार.

माझी सेकंड शिफ्ट साडेतीन ते बारा. कॅन्टीनला साडेसातला जेवण मिळायचं, चांगलं पोटभर. बस घराशी सोडायची तेव्हा एक वाजत आलेला असायचा आणि आमची ही जागी. पिठलं गरम केलेलं, भाकरी फडक्यात गुंडाळलेली. मी जेवून आलोय हे सांगायची माझी कधी हिंमत झाली नाही. ती माझ्यासाठी जागते म्हणून मी खायचो, आणि मी उपाशी येतो म्हणून ती जागायची. अकरा वर्षं हे चाललं! वरून मी पाचच मिनिटांत आडवा. मग तीनला उठून मोरीत आंबट ओकायचं आणि दोष कॅन्टीनच्या तेलाला द्यायचा.

अन्ननलिका जठराला मिळते तिथे स्नायूंची एक झडप असते. पोट भरलेलं आणि माणूस आडवा, म्हणजे आम्लाला वर यायला उतारच मिळाला. जेवण आणि झोप यांत अडीच-तीन तास हवेत ते यासाठी. डाव्या कुशीवर झोपलं की जठर झडपेच्या खाली राहतं आणि त्रास कमी होतो. आपल्या आज्या जेवणानंतर वामकुक्षी म्हणायच्या, म्हणजे डावी कूसच. उशा वाढवू नका, त्यानं पोटच दुमडतं. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली सहा-सात इंच उंचीचे ठोकळे द्या. मी विटा ठेवल्या होत्या. दिसायला भिकार, पण काम चोख.

आता तुम्ही करायचं काय? जेवणाचे दोन तुकडे करा. कॉल साडेसातला सुरू होतात ना? मग सातला ऑफिसातच डबा उघडा, पोळी-भाजी-आमटी, नीट बसून. घरी आल्यावर भूक असलीच तर वाटीभर मुगाचं कढण, एवढंच. आणि घरच्यांना ते तोंडानं सांगा, माझ्यासारखं करू नका. डबा संपला की जिन्यात, गॅलरीत, कुठेही दहा-पंधरा मिनिटं शतपावली घाला. स्नायू हलले की रक्तातली साखर तेच ओढून घेतात.

चहाबद्दल तुम्ही 'नॉर्मल' एवढंच लिहिलंय. या शब्दावर माझा विश्वास नाही. मीही नॉर्मलच म्हणायचो. मग कालनिर्णयच्या चौकोनात रोज रेघा मारायला लागलो आणि आठवड्यानं बघितलं तर दिवसाला सात कप. कपाला दीड चमचा साखर, तीही शिगोशीग. परवा लेकीच्या केकच्या काट्यावर आमचा शिगोशीग चमचा मोजला, ६ ग्रॅम भरला. म्हणजे नुसत्या चहातून ६३ ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेल्या साखरेची दिवसाची हद्द साधारण ५० ग्रॅम सांगते आणि २५च्या आत राहिलात तर उत्तम म्हणते. बिस्किटं मी धरलेलीच नाहीत.

कॅफिनचं तर आणखी वेगळं. निम्मं उतरायलाच त्याला पाचेक तास लागतात. सहाच्या कटिंगचा अर्धा भाग रात्री अकराला तुमच्या अंगात जागाच असतो. म्हणून चारनंतर चहा नको. आयसीएमआरनं, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं, २०२४ साली दिलेल्या आहारसूचनांत जेवणाआधी आणि नंतर तासभर चहा-कॉफी टाळा असंही आहे, कारण चहातलं टॅनिन अन्नातलं लोह अंगी लागू देत नाही. मरगळीचं एक कारण तिथेही सापडेल.

मरगळीवरून आठवलं, हिमोग्लोबिन, बी१२ आणि थायरॉइड एकदा तपासून घ्या. शाकाहारी असाल तर बी१२ नक्कीच. पित्ताची गोळी डॉक्टरांना न विचारता महिनोन्महिने चालू असेल तर तेही सांगा, त्यानंही बी१२ खाली येतं. घोरता का, मध्येच श्वास अडकतो का, हे बायकोला विचारा. स्वतःला ते कळत नाही. घास अडकणं, काही न करता वजन उतरणं, काळी शौच, यातलं काही असेल तर माझं हे उत्तर बाजूला ठेवा आणि पोटाचे डॉक्टर गाठा.

झोपेचं गणित सोपं आहे, पाळणं अवघड. प्रौढ माणसाला सात तास तरी लागतात. ते मिळाले नाहीत की भूक लावणारं घ्रेलिन वाढतं आणि पोट भरल्याचं सांगणारं लेप्टिन घटतं. नाइट करून आल्यावर आम्ही सगळे फाटकाबाहेर वडापावच्या गाडीवर का तुटून पडायचो, ते मला फार उशिरा कळलं. कधी कुणी भाजी-भाकरीची आठवण काढली नाही.

माझं काय झालं विचाराल. दोन जेवणांचं एक केलं, चहा सातावरून तीनावर आणला. आंबट पाणी दोन महिन्यांत थांबलं. साखर मात्र ६.१ वरून ५.८ वर आली आणि तिथेच घुटमळतेय, वर जात नाही हेच खूप. मिसळ अजूनही सोसत नाही, तरी महिन्यातून एकदा खातो.

रविवारच्या तीन तासांनी भरपाई होत नाही. उलट त्या रात्री दोनपर्यंत छताकडे बघत पडता आणि सोमवार पुन्हा मरगळलेला. रविवारीही उठायची वेळ तासाभरापेक्षा जास्त पुढे ढकलू नका. दुपारी वीस-पंचवीस मिनिटं पडा, तीनच्या आत, गजर लावून. आणि फोन दुसऱ्या खोलीत ठेवा, म्हणजे गजर बंद करायला उठावं लागेल.