सात वर्षांच्या मुलांसाठी दादासाहेब फाळक्यांचं चित्रचरित्र करतोय. पानं किती, कागद कोणता, काय काय घ्यावं? प्रसंगांची यादी सोबत दिली आहे.

पानं 32, मध्ये पिना. कागद 130 जीएसएम (चौरस मीटरला इतके ग्रॅम वजन), मॅट म्हणजे बिनचकाकीचा. 170 भारदस्त दिसतो, पण पानं भराभर उलटत नाहीत, आणि इथे ती उलटायला हवीत. का ते सांगतो.

तुमच्या यादीत त्र्यंबकेश्वरचा जन्म, जे. जे. कलाशाळेतलं शिक्षण, लंडन, 'राजा हरिश्चंद्र' आणि शेवटी त्यांच्या नावाचा पुरस्कार आहे. ही तर स्पर्धा परीक्षेची गाइड झाली! त्यापेक्षा वाटाणा घ्या. 1912 मध्ये लंडनहून कॅमेरा आणला, पण पैसे लावायला कोणी पुढे येईना. तेव्हा फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि महिनाभर रोज थोडं थोडं चित्रण केलं. जेमतेम मिनिटाच्या फिल्ममध्ये कोंब फुटून रोप वर चढताना दिसलं, आणि भांडवल उभं राहिलं. सिनेमा म्हणजे काय, हे मुलाला याहून सोपं करून सांगता येत नाही.

सांगूही नका, करून दाखवा. 32 पानांत उजवी पानं 16. प्रत्येकाच्या खालच्या कोपऱ्यात रोपाचं एकेक चित्र, दर वेळी थोडं उंच. अंगठ्याने पानं सोडली की रोप वाढतं. मूकपटाच्या वेगाने हा साधारण एक सेकंदाचा सिनेमा. चित्र कडेपासून 8 मिमी आत ठेवा. पिनांच्या पुस्तकात मधली पानं बाहेर सरकतात आणि कटिंगमध्ये जास्त कापली जातात. तेवढं अंतर मांडणीतच भरून काढलं नाही तर रोप वाढताना डुगडुगतं. प्रेसकडून आधी कोऱ्या पानांची डमी, म्हणजे नमुना प्रत, मागून घ्या.

फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंना एक पूर्ण जोडपान (समोरासमोरची दोन पानं) द्या. अंधारात फिल्मला भोकं पाडणाऱ्या बाई दारात आरतीचं ताट घेऊन उभ्या काढू नका. आमच्या एका संपादकांना तेच चित्र 'घरगुती' म्हणून हवं होतं. शेवटच्या पानावर पुरस्कार छापायचा आग्रहही त्याच संपादकांचा. फाळके 1944 मध्ये नाशिकमध्ये गेले, पुरस्कार सुरू झाला 1969 मध्ये. तिथे तो छापलात की मुलं विचारणार, त्यांना तो मिळाला कधी?

अक्षर 20 पॉइंट, ओळींत ऐसपैस अंतर. नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या रफारात अडकतात. खर्च प्रतींवर अवलंबून, तो प्रेसवालाच सांगेल.

हे सगळं आठ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी. दहाच्या पुढच्यांना पैशांची ओढाताण आणि बोलपट आल्यावर झालेली पीछेहाटही सांगावी लागेल, मग 32 पानं पुरणार नाहीत.