बातमी लिहायला लागला आहेस, तर

सोलापूरला येणाऱ्या उजनी धरणाच्या पाण्याबद्दल लिहिलंस, चांगलं केलंस. पण महापालिकेत फोन केला होतास का? ज्याच्यावर बोट ठेवतोस त्याचं म्हणणं आधी घ्यायचंच. नाही बोलला तर तेही लिही.

पत्रकाराचं ओळखपत्र नाही म्हणून बिचकू नकोस. मोठ्या पेपरवाल्यालाही घटनेचं कलम 19 तेच, तुलाही तेच. माहिती अधिकाराचा अर्ज 10 रुपयांत होतो, 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. कागद हातात असला की लिहिताना हात थरथरत नाही. मानहानीच्या फौजदारी खटल्यात मात्र नुसतं ‘खरं आहे’ म्हणून भागत नाही, त्यात लोकहित होतं हेही दाखवावं लागतं.

माझ्याकडून एकदा फार वाईट झालं. शहराच्या पूर्व भागातल्या एका विडी कामगार बाईंनी मजुरीबद्दल मोकळेपणानं सांगितलं. सुपात तेंदूची पानं, हात चालूच. मी त्यांचं नाव छापलं. पुढच्या आठवड्यात त्यांना पानं-तंबाखू मिळणं बंद झालं, म्हणजे कामच गेलं. त्या ‘लिही’ म्हणाल्या होत्या, पण ‘नाव घालू का?’ हे मी विचारलंच नव्हतं. ते तू दरवेळी विचार. आणि लैंगिक अत्याचार झालेल्या बाईचं किंवा लहान मुलाचं नाव, गल्ली, शाळा काहीच नको. तो गुन्हा आहे.