स्वप्नात ‘हे स्वप्न आहे’ असं कळलं की लगेच जाग येते. ल्युसिड ड्रीम टिकवायचं कसं आणि मनासारखं चालवायचं कसं?

तुम्ही लिहिलंय की दोनदा झोपेतच कळलं की हे स्वप्न आहे, दोन्ही वेळा आनंदाच्या भरात जाग आली, आणि उडणं, हव्या त्या माणसाला भेटणं वगैरे राहूनच गेलं. शिवाय यासाठी मिळणाऱ्या गोळ्यांबद्दल विचारलंय. एक सांगतो, अवघड भाग तुमचा झालाय. बरेच लोक ‘स्वप्नच पडत नाहीत’ इथेच अडकून बसतात.

हा नुसता भास नाही, याचा पुरावा आहे. स्वप्नांच्या झोपेत, म्हणजे रेम झोपेत, अंग लुळं पडलेलं असतं, पण डोळे हलतात. 1975 साली इंग्लंडमध्ये कीथ हर्न या संशोधकाने ॲलन वर्स्ली नावाच्या माणसाशी आधीच ठरवलं की स्वप्न आहे असं कळलं की डोळे डावीकडे-उजवीकडे फिरवायचे. झोपलेल्या वर्स्लीची ती खूण यंत्राच्या कागदावर उमटली. पुढे स्टॅनफर्डला स्टीफन लाबर्ज यांनी स्वतंत्रपणे हेच दाखवलं आणि ते शिकण्याची पद्धतही बसवली.

रेम झोप रात्रभर सारखी नसते. साधारण दीड तासाच्या फेऱ्या असतात. पहिल्या फेरीत स्वप्नांचा वाटा जेमतेम दहा मिनिटांचा, पहाटेच्या फेऱ्यांत तो अर्ध्या तासावर जातो. म्हणून झोपताना रात्री अकराला कितीही निश्चय करा, उपयोग थोडाच. पाच तास झोपून उठायचं, थोडा वेळ जागं राहायचं आणि परत आडवं व्हायचं, ही वेळ खरी.

मी बेळगावात वडगावला राहतो. आमच्या गल्लीत नळाला पाणी रोज येत नाही, आणि येतं तेव्हा बऱ्याचदा पहाटे चारच्या सुमाराला. ‘पाणी सुटलंय’ अशी हाक आली की उठायचं, पिंप भरायचं, घागरी भरायच्या आणि पुन्हा अंथरुणात. माझी ल्युसिड स्वप्नं बहुतेक या पाण्याच्या रात्रींचीच आहेत. पिंप भरेपर्यंत मोबाइल हातात घेत नाही. नुकतंच पडलेलं स्वप्न उलट्या क्रमाने आठवत बसतो. परत पडल्यावर मनात एकच वाक्य: पुढच्या वेळी स्वप्न पडेल तेव्हा ते स्वप्न आहे हे मला आठवेल. आणि मघाच्याच स्वप्नात आपण शिरलोय, त्यातली विचित्र गोष्ट दिसली आणि आपण ओळखलं, असं डोळ्यांसमोर आणतो. हीच लाबर्ज यांची पद्धत. 2017 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेड विद्यापीठात ती तपासली गेली. ज्यांना हे वाक्य घोळवल्यावर पाच मिनिटांत झोप लागली, त्यांना जवळजवळ 46 टक्के वेळा यश आलं. म्हणजे पाणी भरून टक्क जागं झालात तर त्या रात्रीपुरता नाद सोडा.

दिवसा खात्री करून बघायची सवयही हवी. नाक चिमटीत धरून श्वास घ्यायचा, स्वप्नात तो चक्क आत जातो. मला मात्र जास्त भरवसा वाचण्याचा. लिहिलेलं एकदा वाचायचं, नजर वळवायची, परत वाचायचं. आपल्याकडे पाट्यांना काय तोटा! एकदा स्टँडवर उभा होतो. बसची कन्नड पाटी वाचली: खानापूर. दुसऱ्यांदा बघितलं तर गोकाक. तिसऱ्यांदा अक्षरं कन्नडही नव्हती आणि मराठीही नव्हती, मोडीसारखं काहीतरी वळवळत होतं, आणि आजूबाजूच्या कुणालाच त्याचं काही वाटत नव्हतं. (गच्चीवरून उडी मारून ‘खात्री’ करण्याच्या भानगडीत मात्र कुणी पडू नये.)

आता तुमची जाग. कळल्याकळल्या उडायला निघू नका. आधी तळहात एकमेकांवर खसाखसा चोळा, भिंतीला हात लावा, पायाखालची माती बघा. स्वप्नातलं अंग कामात असलं की गादीवरचं अंग लवकर जाणवत नाही. चित्र फिकं व्हायला लागलं तर जागच्या जागी गोल फिरा, हा उपायही लाबर्ज यांचाच. एकाच वस्तूवर नजर रोखू नका आणि गादीचा विचार मनात आणू नका. तरीही जाग आलीच तर डोळे मिटून तसंच निपचित पडून राहा, पुष्कळदा परत आत शिरता येतं. आणि जाग आल्यासारखं वाटलं तरी एकदा नाक धरून बघा. उठलो, दात घासले, डबा भरला, हे सगळंही स्वप्नच निघतं कधीकधी.

मनासारखं चालवण्याबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. स्वप्नावर हुकूम चालत नाही, तिथे फक्त तुमची अपेक्षा चालते. टिळकवाडीत दुसऱ्या रेल्वे गेटवर मी अडकलो होतो, स्वप्नातच. ‘उघड’ म्हणून ओरडलो, गेट हललं नाही. कसं हलेल? बंद गेटकडे बघताना आत कुठेतरी खात्री होती की ते बंदच राहणार. मग पाठ फिरवली, गाडी गेली असेल असं स्वतःशीच म्हटलं आणि वळून बघितलं. गेट वर. माणसाला भेटायचं तर त्याला समोर प्रकट करायला जाऊ नका. तो या दाराआड बसलाय असं धरून चाला आणि दार उघडा. उडण्याचंही तसंच, आधी लांब उड्या मारा, खाली यायला थोडा थोडा उशीर होऊ द्या.

कधी जाग येते पण हातपाय हलत नाहीत, छातीवर कुणी बसल्यासारखं वाटतं. आमच्याकडची जुनी माणसं याला भूत म्हणतात. रेम झोपेतला तो लुळेपणा थोडा लांबलेला असतो, एवढंच. एक बोट हलवायचा प्रयत्न करा, थोड्या वेळात सुटतं.

गोळ्यांचं: गॅलंटामाइन हे अल्झायमरच्या रुग्णांना देतात ते औषध आहे. ल्युसिड स्वप्नांसाठी त्याचे प्रयोग झालेत आणि परिणामही दिसलाय, पण त्याने मळमळ होते, हृदयाचे ठोके मंदावू शकतात. डॉक्टरांना न विचारता मागवू नका. मानसिक आजारासाठी उपचार चालू असतील किंवा मुळात झोपच नीट लागत नसेल, तर पहाटे उठण्याचा प्रयोगही त्यांना विचारूनच करा. आणि प्रकृती ठणठणीत असली तरी तो आठवड्यातून एकदोनदाच, दुसऱ्या दिवशी सुट्टी असेल तेव्हा.