लाल पट्टी सिम बदलून जात नाही

भाऊ, तुमचा प्रश्न वाचला आणि मला माझंच दुकान आठवलं. जालन्यात तुमचं मोटार रिवाइंडिंगचं काम, काउंटरवरचा पोरगा "मोटार भरून झाली, घेऊन जा" एवढंच सांगायला फोन लावतो आणि समोरच्याच्या मोबाइलवर लाल पट्टीत 'स्पॅम' येतं. म्हणून तुम्ही दोनदा सिम बदललं. तिसऱ्यांदा बदलू नका.

माझं लातूरला ठिबक आणि पंपांचं दुकान. एक दिवस औशाकडचे एक काका तणतणत आले. मोटार आठ दिवस पडून होती, ऊस वाळायला लागला, अन् तुम्ही फोन का केला नाही? मी म्हटलं, चार वेळा केला की. त्यांच्यासमोरच लावला. काउंटरवर ठेवलेला त्यांचा फोन वाजला, पट्टी लाल. काकांनी माझ्याशी बोलता बोलताच तो कापला आणि अंगठ्यानं 'ब्लॉक' दाबलं. "हे बगा, दिवसभर असलेच येतेत. पोरानं सांगितलंय, लाल दिसलं की कापायचं." नंबर माझाच होता!

तेव्हा कळलं, शिक्का मारणारं आपलं गिऱ्हाईकच आहे. फोन कोणाचा ते दाखवणाऱ्या ट्रूकॉलर ॲपवर लोक जे नोंदवतात त्यावरून पट्टी लाल होते. दुसरी पट्टी मोबाइल कंपनीची. एअरटेलनं सप्टेंबर 2024 मध्ये ती सुरू केली. किती फोन लावले, किती वेळ बोलणं झालं, असलं बघून ती यंत्रणा ठरवते. गंमत म्हणजे ती दिसते समोरच्याच्या कंपनीकडून, त्यामुळं तुम्ही तुमची कंपनी बदलून काही उपयोग नाही. आणि कोऱ्या सिमवरून पहिल्याच दिवशी साठ लोकांना दहा-दहा सेकंदांचे फोन गेले, तर यंत्राला तुमच्यात आणि कर्ज विकणाऱ्यात काय फरक दिसणार? शिवाय नवं सिम म्हणजे कोणी न वापरलेला नंबर असंही नाही. बंद पडलेला नंबर 90 दिवसांनंतर दुसऱ्याला देता येतो. आधीच्या मालकाची पुण्याई तुमच्या वाट्याला यायची.

माझी चूक सांगतो. खरिपाच्या तोंडावर त्याच नंबरावरून जुन्या यादीतल्या चारेकशे लोकांना ठिबकच्या सवलतीचे फोन लावले होते. आपलीच माणसं, त्यात काय, असं वाटलं. पण ती जाहिरातच. तिच्यासाठी 140 नं सुरू होणाऱ्या नंबरांची मालिका आहे, नोंदणी करून घ्यावी लागते. 1600 ची मालिका बँका, विमा, सरकारी खात्यांसाठी आहे, आपल्यासारख्यांनी तिच्या नादाला लागू नये. साध्या दहा आकडी नंबरावरून जाहिरात केली आणि तक्रारी आल्या तर ट्रायनं, म्हणजे दूरसंचार नियामकानं, फेब्रुवारी 2025 मध्ये नियमांत केलेल्या दुरुस्तीनंतर दहा दिवसांत पाच तक्रारी कारवाईला पुरतात. पहिल्या वेळी पंधरा दिवस आउटगोइंग बंद, पुन्हा केलं तर वर्षभर सगळी कनेक्शनं बंद. सीझनमध्ये पंधरा दिवस म्हणजे तुम्हीच हिशोब करा.

आता माझ्याकडं काय चालतं ते. मोटार जमा करताना पावती फाडायच्या आधी शेतकऱ्याच्या फोनवरून दुकानाच्या नंबराला मिस कॉल घेतो आणि तिथंच नाव सेव्ह करून देतो, 'मोटारवाले लातूर'. सेव्ह नाव दिसलं की माणूस उचलतो. मोटार तयार झाली की आधी व्हॉट्सॲपवर तिचा फोटो आणि रक्कम, मग फोन. सगळे फोन संध्याकाळी एका दमात नाही, काम होईल तसे. पोराला सांगून ठेवलंय, पहिल्या वाक्यात दुकानाचं आणि गावाचं नाव आलंच पाहिजे, "हॅलो, कोण?" नाही. जाहिरात फोनवर बंद, तिच्यासाठी दुकानावर फ्लेक्स आहे.

जुना शिक्का काढायचा तर त्याच नंबरानं ट्रूकॉलरवर खातं उघडा, दुकानाचं खरं नाव टाका आणि त्यांच्या सपोर्टला लिहा. पैसे भरून व्यवसायाचं व्हेरिफाइड खातं मिळतं, पण मला गरज पडली नाही.

एखाद्या गिऱ्हाइकाच्या फोनवरचा स्क्रीनशॉट टाका, नंबर झाकून. पट्टी ॲपची की कंपनीची, ते बघून सांगतो.